पाटा वाढवू नका, आधी आवाज ऐका

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. हळद काढणीत बैलाइतकीच राबते ती पिकअप, आणि तिच्याकडं आपण सगळ्यात शेवटी बघतो. मीही त्यातलाच.

माझी गाडी जुनी. यंदा काढणी सुरू झाली तेव्हा धुऱ्यावर वळताना स्टेरिंगमधून 'कट्ट' आवाज यायला लागला. खड्ड्यात पुढून 'धाड' बसायची. म्हटलं, हंगाम उरकू, मग बघू. पंधरा दिवसांनी ओली हळद भरून कॅनॉलच्या कडेनं येताना खड्ड्यात चाक गेलं अन् स्टेरिंग हातातून आपोआप ओढलं. गाडी काठाच्या हातभर अलीकडं थांबली. मागं पोत्यांवर चार बाया बसलेल्या होत्या. चूक माझी होती.

गावात सगळ्यांचा एकच सल्ला: एक पाटा वाढव. माझं मत, हा सल्ला अर्धवट आहे. पाटा वाढवला की गाडीचं तोंड वर येतं, पण घासलेला सांधा घासलेलाच राहतो. शिवाय पाटे कडक झाले की पुढचा अॅक्सल खालीवर खेळत नाही, धक्का सरळ चेसीत जातो. उंची बदलली की ड्रॅग लिंकचा कोनही बदलतो, मग खड्ड्यात स्टेरिंग जास्तच ओढतं.

मिस्त्रीनं मला दाखवलं ते तुम्ही घरीही करू शकता:

१) गाडी रिकामी, सपाट जागी उभी करा. अॅक्सल आणि बंप रबर यातलं अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. माझ्या डाव्या बाजूला जेमतेम दोन बोटं होती, उजवीकडं चार. म्हणजे डावा पाटा बसलेला.

२) एकानं स्टेरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं बाहेरून टाय रॉड आणि ड्रॅग लिंकच्या सांध्यांवर हात ठेवायचा. 'कट्ट' हाताला लागतो.

३) पुढचा अॅक्सल जॅकवर उचला, खाली ठोकळा द्या. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. आडवं धरून खेळ लागला तर आधी टाय रॉड एंड तपासा.

४) ग्रीस चाक उचलूनच भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. आपल्या काळ्या मातीचा चिखल निपलवर वाळतो, तो आधी पुसा.

माझ्या गाडीत ड्रॅग लिंकचा सांधा आणि शॅकलचे बुश गेले होते. डावा पाटा नवा टाकला, पण संख्या कंपनीची तेवढीच ठेवली. सगळा खर्च एका क्विंटल हळदीच्या भावात बसला.

आता खरं दुखणं. साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळलेली होते. म्हणजे ओली हळद घरी आणून शिजवणारा माणूस चार क्विंटल पाणी-मातीच ओढतो. कुकर शेतात न्या, गाडी वाचेल. आरसी बुकात एकूण वजन आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं, वजाबाकी करा, तेवढंच भरा. माल केबिनला चिटकवून भरला तर पुढचे पाटे दबतात, मागं लोंबवला तर स्टेरिंग हलकं पडतं.

आणि मालाच्या गाडीत माणसं नकोत. ४ एप्रिल २०२५ ला आपल्याच तालुक्यातल्या गुंजच्या सात बाया आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत पडून गेल्या. हळदीच्याच कामाला निघाल्या होत्या. तिथं काय बिघडलं यावर मी बोलत नाही. पण त्या दिवसापासून मालावर बसलेली बाई दिसली की पोटात गोळा येतो, आणि तरी मी यंदा चौघींना बसवलं. आता त्यांच्यासाठी ऑटो सांगतो. मजुरीत तेवढं धरायचं.

हळद पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. तुमच्या गाडीचा आवाज कुठून येतो, खाली लिहा.