तो सज्ञान आहे

संत योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध तरुणाची कथा आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. त्याला दृष्टी लाभल्यावर चौकशी सुरू होते आणि त्याच्या आईवडिलांना जाब विचारला जातो. ते घाबरून एवढेच सांगतात की, आमचा मुलगा वयात आला आहे, त्याच्याविषयी त्यालाच विचारा. हे उत्तर भीतीपोटी दिलेले असले तरी ते खरे होते. आज गोंदिया जिल्ह्यातील कितीतरी आईबाप तेच सत्य कचेरीच्या खिडकीपाशी सांगत आहेत. परंतु ते ऐकणारा कोणी नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक माता आमच्याकडे आली. तिचा मुलगा २४ वर्षांचा, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. दाखला आहे, ओळखपत्र आहे. तरी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा त्याचा अर्ज नामंजूर झाला होता. कारण, वडिलांचे उत्पन्न मर्यादेपलीकडे. वडील राइस मिलमध्ये हमाली करतात!

ही मर्यादा तरी केवढी? दिव्यांगासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे दिवसाला १३७ रुपये. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर ३१२ रुपये होता. त्या दराने एका माणसाने वर्षात १६१ दिवस काम केले, की त्याचे घर मर्यादेबाहेर गेले. वर्षातले किमान २०५ दिवस तो रिकामा बसला, तरच त्याचा मुलगा शासनाच्या लेखी गरीब. घाम गाळणाऱ्या बापाला ही शिक्षा कशासाठी?

याच मातेला बँकेत वेगळेच ऐकावे लागले. मुलगा १८ वर्षांचा झाल्यामुळे त्याच्या वतीने तुमची सही चालणार नाही. पालकत्वाचा आदेश आणा. यातही कायद्याचा आधार आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीला आहे. जन्मदात्या आईलाही तेथे अर्ज करावा लागतो.

वाचकहो, ही विसंगती नीट पाहा. सही करायची वेळ आली की मुलगा सज्ञान, आईबापांपासून वेगळा. आणि पैसे द्यायची वेळ आली की तोच मुलगा अज्ञान, बापाच्या उत्पन्नाला बांधलेला. एकाच माणसाचे वय कचेरीगणिक बदलते काय?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे २४ वे कलम सांगते की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांचे साहाय्य इतरांच्या तशाच साहाय्यापेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे. तरीही २०२३ मध्ये या योजनेचे अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले, तेव्हा ते सर्वांना सारखेच होते. दिव्यांगांसाठी २,५०० रुपयांचा निर्णय व्हायला २०२५ साल उजाडले. त्या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु दार अरुंद ठेवून आतील ताट मोठे केल्याने बाहेर उभ्या असलेल्याची भूक कशी भागणार?

कोणी म्हणेल, मुलाला सांभाळणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. ते कर्तव्य या मातेने २४ वर्षे केले. मुलाला एकटे ठेवता येत नाही म्हणून तिने रोवणीची आणि तेंदूपानाची मजुरी सोडली. तिच्या बुडालेल्या मजुरीची नोंद कोणत्याही उत्पन्नाच्या दाखल्यावर नसते. आणि आईबाप मिटल्या डोळ्यांनी निघून गेल्यावर काय? ते मेले म्हणजे मुलगा निराधार ठरेल, असे सांगणाऱ्या व्यवस्थेला आधार कसे म्हणावे?

आता थोडे आपल्या घराकडे वळू. नाताळात तांदळाची थैली देऊन आपण या कुटुंबांचा निरोप घेतो. चाळिशीतल्या माणसालाही 'बिचारे लेकरू' म्हणतो. शासन त्याला बापाच्या दाखल्यात दडवते, आपण त्याला दयेत दडवतो. या दोषातून आम्ही स्वतःला वगळत नाही. त्या मातेचा मुलगा दर रविवारी पहिल्या बाकावर बसतो. परंतु तिचा अर्ज परत येईपर्यंत आम्ही त्याच्या हक्काविषयी एक शब्दही विचारला नव्हता.

आमची मागणी साधी आहे. सज्ञान दिव्यांगाचे स्वतःचे उत्पन्न मोजा, त्याच्या बापाचे नव्हे. तोवर प्रत्येक धर्मग्रामाने थैलीबरोबर दोन सुशिक्षित तरुण द्यावेत. त्यांनी अर्ज भरावा, सालेकसा-देवरीसारख्या दूरच्या तालुक्यांतून जिल्ह्याच्या ठिकाणी जाताना सोबत करावी, नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्याचा हिशेब ग्रामसभेत उभे राहून विचारावा.

त्या मातेचा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला आहे. येत्या सोमवारी ती, तिचा मुलगा आणि आम्ही तो घेऊन तहसील कचेरीत जाणार आहोत. अर्जाखाली अंगठा मुलाचाच आहे.