दुसऱ्यांची घरे बांधणारा बाप

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात पॉल रेव्हिअर विल्यम्स नावाचे एक वास्तुविशारद होऊन गेले. जन्म १८ फेब्रुवारी १८९४, मृत्यू २३ जानेवारी १९८०. वर्णाने काळे. या माणसाने घराचे चित्र उलटे काढण्याची कला हस्तगत केली होती. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या ग्राहकाला चित्र सुलटे दिसे. विल्यम्स मात्र आपल्या बाजूने ते उलटे रेखाटत. गोरे ग्राहक थक्क होत. पण या करामतीमागचे कारण कडू होते. काळ्या माणसाच्या शेजारी बसणे गोऱ्याला रुचणार नाही, हे विल्यम्स जाणून होते. बांधकामाच्या जागेवरही ते हात पाठीशी बांधून फिरत. हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात कोणी धरलाच नाही तर? विटाळ म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

विल्यम्स चार वर्षांचे होईपर्यंत वडील आणि आई, दोघेही क्षयाने गेले. दोघा भावांना वेगवेगळ्या घरांनी सांभाळले. शाळेत त्यांनी वास्तुविशारद व्हायचे बोलून दाखवले, तेव्हा शिक्षकाने समजूत घातली : गोरे तुला काम देणार नाहीत आणि तुझ्या लोकांकडे घरे बांधायला पैसा नाही. हा उपदेश विल्यम्स यांनी ऐकला नाही. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, १९२१ साली परवाना मिळवला आणि १९२३ साली अमेरिकन वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. पुढे त्यांच्या हातून सुमारे दोन हजार घरे उभी राहिली. फ्रँक सिनात्रा, ल्युसिल बॉल यांच्यासारख्या कलावंतांनी त्यांच्याकडून घरे बांधून घेतली.

आणि ते स्वतः कुठे राहत होते? शहराच्या दक्षिण भागातल्या एका साध्या, लहान बंगलीत. श्रीमंत वस्त्यांच्या खरेदीखतांत स्पष्ट कलम असे, की ही जागा गोऱ्यांखेरीज कोणाला विकता येणार नाही, कोणाला राहू देता येणार नाही. घरगुती नोकर म्हणून काळा माणूस राहिला तर चालेल! १९३७ साली विल्यम्स यांनी एका मासिकात लेख लिहून ही व्यथा उघड मांडली. दिवसा आलिशान घराचे आराखडे काढतो, तसे घर मलाही परवडेल, पण संध्याकाळी मला माझ्या वस्तीतच परतावे लागते, कारण मी निग्रो आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

विल्यम्स यांचे लग्न १९१७ साली डेला यांच्याशी झाले. पहिला मुलगा जन्मतःच गेला. नंतर दोन मुली झाल्या. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी उजेडाच्या खोल्या आखणाऱ्या या बापाला आपल्या मुलींचे घर कुठे असावे, हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. त्याच १९१७ साली परदेशातून उच्च विद्या घेऊन परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला छप्पर मिळत नव्हते. पारशाच्या धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि त्यांनी बागेत बसून अश्रू ढाळले. देश दोन, पण घर नाकारणारे मन एकच. पुढे बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले, ते कुटुंबासाठी आणि ग्रंथांसाठी. घर हा आपल्याकडे कधीच निव्वळ विटामातीचा प्रश्न नव्हता.

चळवळीतला कार्यकर्ता येथे विचारील : उलटे नकाशे काढणे, हात पाठीशी बांधणे, ही शरणागती नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. अपमानाशी जुळवून घेण्यात विल्यम्स यांची मोठी शक्ती खर्ची पडली, हे नाकारता येणार नाही. पण गोऱ्यांच्या पैशावर मिळवलेले कसब त्यांनी आपल्या माणसांसाठीही वापरले. कृष्णवर्णीय तरुणांसाठी वसतिगृहाची इमारत, चर्च, कृष्णवर्णीयांनी उभारलेल्या विमा कंपनीचे मुख्यालय, कामगारांची सार्वजनिक घरकुले, ही सारी कामे त्यांच्या हातची आहेत. लहान घर कसे बांधावे, यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. टोलेजंग महाल बांधणाऱ्याला दोन खोल्यांच्या घराचे मोल कळत होते.

मात्र खरा धडा पुढेच आहे. गुणवत्ता असली की जात आणि वर्ण आपोआप गळून पडतात, असे आपल्याला उठताबसता ऐकवले जाते. विल्यम्स यांच्याइतकी गुणवत्ता कोणाकडे होती? तरीही त्या गुणवत्तेने वस्तीचे फाटक उघडले नाही. ते उघडले कायद्याने आणि कायद्यामागे उभ्या राहिलेल्या संघटित लढ्याने. थरगुड मार्शल यांच्यासारखे वकील न्यायालयात झुंजले आणि १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की असली कलमे न्यायालये अमलात आणणार नाहीत. घराच्या बाबतीत भेदभावाला बंदी करणारा कायदा व्हायला १९६८ साल उजाडले, आणि तोही मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिसमध्ये हत्या झाल्यानंतर आठवड्याभरात!

१९४८ च्या निकालानंतर विल्यम्स यांनी आपल्या कुटुंबासाठी घर आखले. जिथे पूर्वी काळ्यांना मज्जाव होता, त्या लाफायेट स्क्वेअर वस्तीत ते १९५२ साली राहायला गेले. लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती. वय साठीकडे झुकले होते. त्यांचे आईवडील ज्या मेम्फिसमधून आले होते, तिथे १९६२ साली मुलांच्या कर्करोगावरील सेंट ज्यूड रुग्णालय उघडले. त्याचा आराखडा विल्यम्स यांनी विनामूल्य दिला होता. त्या रुग्णालयात लेकराचा रंग पाहून खाट दिली जात नव्हती.

वास्तुविशारदांच्या त्याच राष्ट्रीय संस्थेने विल्यम्स यांना सुवर्णपदक दिले ते २०१७ साली, मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी. तोवर त्यांची आठवण जपली ती घरच्यांनी. नात कॅरन हडसन यांनी आजोबांचे नकाशे आणि कागद सांभाळले, त्यांच्यावर पुस्तके लिहिली. ज्यांना समाजाने नाकारले, त्यांचा इतिहास त्यांच्या लेकीनातींनाच सांभाळावा लागतो.

आज आपल्या शहरांत भाड्याचे घर शोधणाऱ्या तरुणाला आधी आडनाव विचारले जाते. आडनाव कळले, की जागा ‘कालच गेली’ असे उत्तर येते. तो तरुण अभियंता असेल, डॉक्टर असेल. कदाचित त्याच इमारतीचा नकाशा त्याने काढलेला असेल. त्याला आणखी शिक, आणखी मोठा हो, एवढेच सांगून आपण मोकळे होणार आहोत काय? शिकावे तर लागेलच. पण त्याच्या पाठीशी संघटना आणि कायदा उभा करणे, ही जबाबदारी एकट्या त्याची नाही, ती आपली आहे. पुढच्या पिढीतल्या कोणत्याही बापाला समोरच्याचा विटाळ सांभाळण्यासाठी उलटे नकाशे काढावे लागू नयेत.