वहिनी, चौथी झाली हं!

खरं सांगू? आमच्या ऑफिसात ‘आयडिया’ सुचाव्यात म्हणून जेवढा पैसा उधळला जातो, तेवढ्यात लालबागला एक खोली आली असती. (आजोबांच्या काळात, अर्थात!) लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात आमची जाहिरात एजन्सी. रंगीबेरंगी बीनबॅग, फुकट कॉफी, फुल्टू माहौल. आणि आम्ही सगळे कॉपीरायटर तिथे बसून काय करतो, तर कोऱ्या स्क्रीनकडे बघतो.

पाच वर्षांपूर्वी, आम्ही अजून चाळीत राहत होतो तेव्हाची गोष्ट. एका मिक्सरच्या जाहिरातीवर आठ दिवस अडकलो होतो. सॉलिड टेन्शन. नवव्या दिवशी सरळ दांडी मारून घरी लोळत पडलो. आत आईचा कुकर, बाहेर बाबांची चष्मा शोधमोहीम (चष्मा कपाळावर). तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, ‘वहिनी, चौथी झाली हं! गॅस बंद करा.’

आमच्या कुकरच्या शिट्ट्या काकू मोजायच्या. आई मोजायची नाही, कारण ती काकूंच्या कुकरच्या मोजायची! कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं हा करार चालू होता. लहानपणापासून मी हे ऐकत आलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला हसू फुटलं. जाहिरात तिथेच झाली. मिक्सर फिरतोय आणि भिंतीपलीकडून एक बाई ओरडते, ‘वहिनी, चटणी झाली हं!’ क्लायंटने पाच मिनिटांत पास केली. बॉसने विचारलं, ‘रेफरन्स कुठला?’ म्हटलं, ‘खोली नंबर बावीस.’

हे काही माझं संशोधन नव्हे. पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकात आली आणि १९६१ पासून ती अख्खी चाळ त्यांनी रंगमंचावर एकट्याने उभी केली. त्यातल्या ‘उपास’मध्ये घडतं काय? एका माणसाला वजन कमी करायचंय. बस्स! पण चाळीत वजन कुणा एकाचं नसतं, त्यावर सगळ्या बिऱ्हाडांचे सल्ले असतात. एवढ्या भांडवलावर महाराष्ट्र साठहून अधिक वर्षं हसतोय. गंमत म्हणजे पु. ल. वाढले जोगेश्वरी-पार्ल्याकडे. पुढे सई परांजपेंनीही ‘कथा’साठी (१९८३) चाळच निवडली. दोघांकडे कच्चा माल एकच, पातळ भिंत.

आणि नेमकी तीच आता जातेय. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून थेट ५००! यावर नाक मुरडणाऱ्यांनी आधी महिनाभर कॉमन संडासाच्या रांगेत उभं राहून दाखवावं, मग चाळसंस्कृतीवर बोलावं.

आमचीही चाळ पडली. तीन वर्षं डोंबिवली, आणि आता पुन्हा लालबाग, पण सतरावा मजला. घरात दोन-दोन संडास. बाबा तरी पहाटे साडेपाचला नंबर लावायला उठतात आणि आत जाण्याआधी दाराबाहेर खाकरतात. (हे कालनिर्णयवर टिपून ठेवलंय. दुधाच्या हिशेबाच्या चौकोनात मी घरातली वाक्यं लिहितो. लॅपटॉप उघडेपर्यंत ती शिळी होतात.)

पण पहिल्याच आठवड्यात डाळ करपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आईने आधी शेगडीला नावं ठेवली, मग रिंग बदलून आणायला लावली. तिसऱ्यांदा कुकरचा तळ काळा झाला तेव्हा भडकून म्हणाली, ‘इथे कोणी सांगतच नाही!’ मी हसलो. ती नाही हसली. फोडणीचा ठसका लागल्यासारखे डोळे पुसले. फोडणी अजून व्हायची होती.

काकूंना सोडतीत नववा मजला लागला. लिफ्टने मिनिटभरही लागत नाही. पण चाळीत एकमेकांकडे ‘जावं’ लागत नव्हतं ना! आता साडी बदला, चप्पल घाला, बेल वाजवा. महिनाभर दोघी भेटल्या त्या लिफ्टमध्येच, लग्नात ओळख झालेल्या पाहुण्यांसारख्या.

परवा रविवारी उशिरा उठलो. स्वयंपाकघरात आईचा मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला, स्पीकर चालू. पलीकडे टीव्ही आणि भांड्यांचा आवाज. बोलत कुणीच नव्हतं. म्हटलं, ‘आई, फोन चालू राहिलाय तुझा.’

‘गप रे. मोजू दे त्यांना.’

कुकरने शिट्टी दिली. फोनमधून काकू, ‘वहिनी, तिसरी! अजून एक.’

मी पेन्सिल शोधायला धावलो. त्या दिवशीच्या चौकोनात दूध लिहायचं राहूनच गेलं.