व्हेंटिलेटर आले, फोटो झाले; चालवायला कोण शिकवणार?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्याच घरातल्या कुणाच्या तरी श्वासाचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे व्हेंटिलेटर म्हटलं की एकच प्रश्न: किती आले? मे २०२० मध्ये पीएम केअर्स फंडातून ५० हजार व्हेंटिलेटरसाठी २ हजार कोटी रुपये जाहीर झाले. त्यानंतर आमदार निधी, सीएसआर, जिल्हा नियोजन. जिकडेतिकडे नारळ, फीत, फोटो. मशीन हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते चालवणाऱ्या हातांना शिकवायला किती दिवस आणि किती रुपये ठेवले, हे कुणी विचारलं?

मी भूलतज्ज्ञ आहे. वीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे हे ‘ट्रेनिंग’ कसं होतं ते मी जवळून पाहिलंय. कंपनीचा माणूस येतो. कुठलं बटण कशाचं ते अर्ध्या तासात दाखवतो. रजिस्टरवर सह्या होतात, चहा होतो, तो निघून जातो. सही करणाऱ्या सिस्टरची चार महिन्यांत बदली होते. नव्या सिस्टरला जुनी जाता जाता सांगते, “हे लाल बटण दाबलं की आवाज बंद होतो.” झालं ट्रेनिंग!

व्हेंटिलेटर म्हणजे ऑक्सिजनचा सिलिंडर नव्हे, की लावला आणि निश्चिंत झालो. चुकीचा लावला तर तोच फुप्फुस फाडतो. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे एआरडीएसचे, म्हणजे फुप्फुसं सुजून कडक झालेले. एका गटाला दर किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास, दुसऱ्याला ६ चा आणि फुप्फुसावरचा दाबही मर्यादेत. पहिल्या गटात ३९.८ टक्के रुग्ण गेले, दुसऱ्यात ३१ टक्के. नवं औषध नाही, महागडं मशीन नाही. फरक होता तो श्वास मोजून देण्याचा.

आता यातली मेख बघा. हे ‘किलो’ काट्यावरचं वजन नाही, ते उंचीवरून काढायचं असतं. पाच फूट पाच इंचाचा, ९० किलोचा माणूस घ्या. उंचीनुसार त्याचं वजन धरायचं साधारण ६१ किलो, म्हणजे श्वास ३७० मिलिलिटरच्या आसपास. काट्यावरचं वजन धरलं तर तोच आकडा ५४० होतो. पोट सुटलं म्हणून फुप्फुस मोठं होत नाही, एवढी साधी गोष्ट. पण रात्री दोन वाजता, नातेवाईक दारात रडत असताना ती सुचायची असेल तर आधी दहा वेळा करून पाहिलेली असावी लागते.

दम्याचा पेशंट घ्या. हवा आत जाते, पण बाहेर यायला वेळ लागतो. कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसला की नवख्याचा हात श्वासाचा रेट वाढवायला जातो. मग आधीची हवा बाहेर पडायच्या आत पुढची आत शिरते, छातीत साठत जाते आणि बीपी कोसळतं. किंवा अचानक प्रेशरचा अलार्म वाजतो. नळी सरकली? कफाने बुजली? फुप्फुसाला भोक पडलं? की मशीनचंच काही बिघडलं? शिकलेला माणूस पेशंटला मशीनवरून काढतो, अंबू बॅगने श्वास देतो आणि एकेक कारण तपासतो. न शिकलेला आवाज बंद करतो.

हे सगळं पेशंटला हात न लावता शिकवता येतं, त्यालाच सिम्युलेशन म्हणतात. मशीनच्या नळीला रबराचं नकली फुप्फुस जोडायचं. ते दाबून धरलं की कडक फुप्फुस तयार. नळी चिमटली की दमा. शिकवणारा मुद्दाम बिघाड करतो, शिकणारा सोडवतो. चुकला? “परत कर.” पैसे असतील तर कॉम्प्युटरवर चालणारा पुतळाही मिळतो, पण सुरुवातीला त्याचीही गरज नाही. विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला आपण डबा बांधतोच की. डब्यावर कुणी पट्टीचा पोहणारा होत नाही, पण पहिल्याच उडीत बुडत तरी नाही.

आणखी एक फायदा. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे व्हेंटिलेटरचा वाद गेला होता, आठवतंय? रुग्णालय म्हणे मशीन सदोष, केंद्र म्हणे वापरणाऱ्यांना नीट वापरता येत नाही. मशीन आल्याच दिवशी नकली फुप्फुस जोडून, शिकलेल्या माणसांनी तपासलं असतं, तर दोष कुणाचा हे तिथेच कळलं असतं. कोर्टात वाद चालतो तेव्हा खाटेवरचा माणूस थांबत नाही.

आता सबबी. “स्टाफच कमी, ट्रेनिंगला सोडू कुणाला?” सोडू नका. नकली फुप्फुस वॉर्डात आणा, ड्युटी बदलताना दोघादोघांना अर्धा तास द्या. “ऑनलाइन ट्रेनिंग झालंय.” व्हिडिओ बघून हाताला काही येत नाही. आणि सगळ्यात संताप आणणारी सबब आमच्याच ज्येष्ठ मंडळींची: “आम्ही पेशंटवरच शिकलो.” बरोबर. पण ते पेशंट कोण होते? ज्यांच्याकडे दुसरीकडे जायला पैसे नव्हते, तेच. शिकाऊ हातांखाली कायम गरिबाचीच छाती का असावी?

खासगीवाल्यांनीही हसू नये. तुमच्या आयसीयूत रात्री व्हेंटिलेटरजवळ कोण असतं आणि ते कुठे शिकलं, हे बिलावर छापता का?

माझ्या मागण्या तीन. व्हेंटिलेटरच्या प्रत्येक खरेदीत नकली फुप्फुस आणि प्रत्यक्ष सराव अटीतच असावा. हा सराव पास झाल्याशिवाय डॉक्टर असो वा सिस्टर, व्हेंटिलेटरवर एकट्याची रात्रपाळी देऊ नये, आणि दर सहा महिन्यांनी सराव पुन्हा घ्यावा. तिसरं, मेडिकल कॉलेजांना स्किल लॅब बंधनकारक आहेच. तिची दारं ठरावीक दिवशी जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांच्या स्टाफला उघडा. खोल्या बांधल्यात त्या तपासणीच्या दिवशी दाखवायला नव्हे.

तुम्ही काय करू शकता? माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा. आपल्या रुग्णालयात व्हेंटिलेटर किती, ते चालवण्याचा प्रत्यक्ष सराव किती जणांनी केला, शेवटचा कधी केला, एवढंच विचारा. उत्तर आलं की इथे कमेंटमध्ये टाका. पुढच्या वेळी कुणी नेता फीत कापायला आला, की तोच प्रश्न त्यालाही विचारा. फोटो काढायच्या आधी.