विश्लेषण : बेरोजगारीचा दर घटला, मग पक्की नोकरी कुठे गेली?

देशातील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. कागदावर हे मोठे यश आहे. मात्र छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यात काम शोधणाऱ्या तरुणाला विचारले, तर नोकरी मिळणे निम्म्याने सोपे झाले, असे तो म्हणणार नाही. आकडा आणि अनुभव यांत हे अंतर का पडते?

दर नेमका काय मोजतो?

केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून (पीएलएफएस) हे आकडे येतात. वर्षभराच्या स्थितीवर आधारलेल्या मोजणीत एखाद्याने वर्षातील बहुतेक काळ काम शोधण्यात घालवला, पण अधूनमधून मिळून ३० दिवस काम केले, तर तो ‘रोजगारात’ गणला जातो. आठवड्याच्या मोजणीत तर सात दिवसांत एक तास काम पुरेसे ठरते. घरच्या शेतीत किंवा दुकानात विनामोबदला मदत करणाराही बेरोजगार नसतो. ही व्याख्या चुकीची नाही. पण ती ‘काम आहे का’ एवढेच विचारते. ‘काम किती दिवस टिकते’ आणि ‘किती वर्षांपासून शोध चालू आहे’ हे ठळक बातमीतल्या एका टक्केवारीत दिसत नाही.

मग वाढलेला रोजगार कुठला?

२०१७-१८ मध्ये एकूण काम करणाऱ्यांपैकी ५२.२ टक्के स्वयंरोजगारात होते. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ५८.४ टक्के झाले. याच काळात नियमित पगारदारांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर घसरला. शेतीतील मनुष्यबळाचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाला. अर्थव्यवस्था वाढते तसे लोक शेतीतून कारखान्याकडे जातात, हा सर्वसाधारण नियम. करोनाकाळात तो उलटा फिरला आणि नंतरही पूर्ववत झाला नाही. मराठवाड्यात याचा अर्थ सरळ आहे : पदवी घेऊन गावी परतलेला मुलगा वडिलांच्या कपाशीत राबतो आणि सर्वेक्षणात ‘रोजगारात’ दिसतो.

चिकलठाण्याचे चित्र पूर्वी वेगळे होते का?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. मुंबई-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून राज्याने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. चिकलठाणा हे या धोरणाचे शहरातील जुने फळ. पुढे १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा प्रकल्प आला आणि त्याभोवती सुट्या भागांचे शेकडो लघुउद्योग उभे राहिले. आयटीआय करून कंपनीत ‘पर्मनंट’ होणे ही आसपासच्या तालुक्यांतील एका पिढीची शिडी होती. त्या पगारावर शहरात घर झाले, मुले शिकली.

आता शिडी कुठे तुटली?

पहिले कारण कंत्राटीकरण. वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखान्यांतील कंत्राटी कामगारांचे प्रमाण या शतकाच्या सुरुवातीला सुमारे एक पंचमांश होते. आता ते ४० टक्क्यांच्या पुढे आहे. सलग सेवेची २४० दिवसांची कसोटी पूर्ण होऊ नये म्हणून सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची पद्धत औद्योगिक वसाहतींत कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. सात महिने काम, काही महिने घरी, पुन्हा नवा ठेकेदार. असा तरुण आकडेवारीत बेरोजगार नसतो. पण दहा वर्षांनंतरही त्याचा अनुभव, पगार आणि भविष्य निर्वाह निधी जिथल्या तिथे असतो.

दुसरे कारण यंत्रांचे. बिडकीनमधील टोयोटा किर्लोस्करच्या प्रस्तावित प्रकल्पासाठी २०२४ मध्ये करार झाला, तेव्हा सुमारे २०,००० कोटींची गुंतवणूक आणि ८,००० थेट रोजगार जाहीर झाले. म्हणजे एका थेट नोकरीमागे अडीच कोटी रुपये. अशी गुंतवणूक हवीच, पण तिच्या आकड्यावरून नोकऱ्यांचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

शिक्षणाने प्रश्न सुटत नाही का?

उलट इथेच तो अधिक टोचतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार, २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांत २९.१ टक्के होती. गरिबाला बेरोजगार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो. पदवीधर घरच्यांच्या आधारावर वाट पाहतो : एक भरती, मग दुसरी, मग वयोमर्यादा. तीन-चार वर्षांच्या या खंडानंतर खासगी कंपनीही त्याला घेताना कचरते. दीर्घकालीन बेरोजगारीचे खरे नुकसान हेच. ती लांबली की स्वतःच पुढच्या बेरोजगारीचे कारण बनते. २०१० मध्ये अमेरिकेतील ४० टक्क्यांहून अधिक बेरोजगार सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ रिकामे होते. तिथे हा आकडा दर महिन्याला जाहीर होतो, म्हणून धोरणकर्त्यांना त्याला उत्तर द्यावे लागले.

सरकारी उपाय पुरेसे आहेत?

राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने होती, ती पुढे ११ महिने झाली. प्रशिक्षणार्थींचा प्रश्न मात्र कायम राहिला : मुदतीनंतर काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी मुदतबंद कामगारांना एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी देऊ केली. पण सातव्या महिन्यात ब्रेक मिळणारा त्या वर्षापर्यंत पोहोचणार कसा?

मग करायचे काय?

सुरुवात मोजण्यापासून व्हावी. बेरोजगारीचा दर जाहीर करताना शोधाचा कालावधी आणि नोकरीचा टिकाव हेही जिल्हावार सांगितले जावे. महास्वयम संकेतस्थळावर नोंदणी केलेल्यांपैकी किती जण वर्षभरानंतरही तिथेच आहेत, हे जिल्हा रोजगार केंद्राने प्रसिद्ध करावे. उद्योगांना जमीन, वीज आणि करात सवलत देताना केवळ ‘रोजगारनिर्मिती’ नव्हे, तर दोन वर्षांनंतर टिकलेल्या नोकऱ्यांची अट घालावी. प्रशिक्षणाचे पैसे देताना किती जण पुढे कायम झाले, यावर त्या आस्थापनेची पात्रता ठरावी. यापैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. दर २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला म्हणून समाधान मानले, तर ब्रेकवर घरी बसलेला तरुण धोरणाच्या हिशेबात कधी येणारच नाही.