जुना डेस्कटॉप भंगारात काढण्याआधी

म्हसा यात्रेत बैल घेताना दात बघितल्याशिवाय कुणी सौदा करत नाही. जुना डेस्कटॉप भंगारात काढताना मात्र ‘आता हा चालणार नाही’ एवढं ऐकलं की आपण मान डोलावतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षा अपडेटसाठी जादा मुदत आहे, पण ती तात्पुरती. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे मशीन धडधाकट असूनही बाद! मुरबाड-शहापूरकडच्या शाळेने किंवा झेरॉक्सवाल्याने यासाठी नवा खर्च का करावा?

लिनक्स मिंट मोफत आहे. २ जीबी रॅमवर चालतं, ४ जीबी असेल तर बरं. त्याची फाइल रिकाम्या ८ जीबी पेनड्राइव्हवर ‘राइट’ करायची. नुसती कॉपी करून भागत नाही. मग संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. हार्डडिस्कला हात न लावता सगळं वापरून बघता येतं. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय तिथेच तपासा. खरी अडचण मराठीची. युनिकोड मजकूर नीट दिसतो, पण जुन्या फाँटमधले दाखले, पत्रं तो फाँट नसेल तर अगम्य दिसतात. एखादं काम फक्त विंडोजच्याच सॉफ्टवेअरवर होत असेल, तर तो संगणक बदलू नका.

बाकीच्यांनी आधी फोटो-कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घ्यावीत. इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ निवडलं, की जुनं काहीच उरत नाही.