फ्लेक्सवरचे सहा महिने आणि ताईची सात वर्षं

कोल्हापूर नाक्यावर नवा फ्लेक्स लागलाय, बघितलाच असेल. डावीकडे ढगळ ड्रेसमधली बाई, उजवीकडे तीच बाई जीन्समध्ये, मध्ये बाण. ‘फक्त सहा महिन्यांत!’ खाली मोबाईल नंबर आणि हप्त्यांची सोय. तो बघून दोन मित्रांचे फोन आले. "तुझ्या ताईने केलं होतं ना रे हे? करावं का?" दोघांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे त्यांनी पूर्ण वाचा.

आधीच सांगतो, मी या ऑपरेशनच्या विरोधात नाही. २०१८ मध्ये ताईचं वजन १०८ किलो होतं, उंची पाच फूट एक इंच. दोन वेळा इन्शुलिन, गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा. "कमी खा, चालत जा" हे तिला वीस वर्षं सगळ्यांनी सांगून झालं होतं, मीही त्यात होतो. त्याची आज लाज वाटते. इतक्या वजनाच्या माणसाला नुसत्या इच्छाशक्तीवर तीस-चाळीस किलो उतरवून ते कायम टिकवणं जवळपास अशक्य असतं. पुण्यात बायपास केलं, चौथ्या दिवशी घरी. महिन्याभरात इन्शुलिन बंद. वर्षात ७१ किलो.

आणि हे एकट्या ताईचं कौतुक नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली एक अभ्यास सुरू झाला, ऑपरेशन केलेले दोन हजार आणि न केलेले तितकेच. २०२० मध्ये निष्कर्ष आला की केलेल्यांचं आयुष्य साधारण ३ वर्षांनी वाढलं. ही छोटी गोष्ट नाही. पण त्याच निष्कर्षातलं दुसरं वाक्य फ्लेक्सवर नसतं: सर्वसाधारण लोकांपेक्षा ते तरीही साडेपाच वर्षांनी कमीच राहिलं. म्हणजे उपचार चांगला, पण आजार पुसला जात नाही. अमेरिकेतल्या युटामधल्या २००७ च्या अभ्यासात ऑपरेशन केलेल्यांमध्ये एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी दिसले, मात्र अपघात आणि आत्महत्या धरून जे आजाराव्यतिरिक्तचे मृत्यू होते ते ५८ टक्क्यांनी जास्त. आपल्याकडे ऑपरेशनआधी ‘मानसिक तपासणी’ म्हणून एक फॉर्म भरून घेतात. नंतर कोण विचारतं?

आता ताईचं पुढचं.

दहाव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलला फोन केला, तिकडून "हळू खा, चावून खा". गोळ्याही पोटात राहीनात. इथल्या डॉक्टरांनी अशक्तपणा बघून तीन दिवस ग्लुकोजची सलाईन लावली. चौथ्या दिवशी ताई म्हणाली, एकाचे दोन दिसतायत. चालताना झोक जायला लागला. संध्याकाळी तिने मला शांतपणे विचारलं, "बाबा जेवले का रे?" बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

गावातल्या एका वयस्कर फिजिशियनांनी फाईल चाळली, ऑपरेशनचं नाव वाचलं आणि आधी बी१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं शिरेतून सुरू केली. शरीरात बी१ चा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. उलट्यांनी तो संपतो, आणि बी१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलंही खर्च होऊन मेंदूला इजा होते. ताई वाचली. नजर आठवड्यात जागेवर आली. पायाच्या मुंग्या सात वर्षांनी आजही आहेत.

माझा राग सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांवर नाही. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर सगळं इंग्रजीत, आणि पुढच्या भेटीच्या रकान्यात ‘एसओएस’. म्हणजे वाटलं तर या. (गंमत बघा, त्या स्वीडिश अभ्यासाचं नावही एसओएसच. तिथे मात्र माणसांना वर्षानुवर्षं बोलावून तपासलं.)

बायपासनंतर लोह, बी१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं. आपल्यातल्या शाकाहारी लोकांचं बी१२ आधीच तळाला असतं. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खाल्लं तर पोट आतड्याला जोडलंय तिथे अल्सर होऊ शकतो. तीन-चार वर्षांनीसुद्धा आतडं आतल्या फटीत अडकू शकतं, आणि ते ‘गॅस झालाय’ म्हणून घरी काढायचं दुखणं नव्हे. दारू लवकर चढते, आणि काहींना तिचं व्यसन नंतर लागतं. स्लीव्ह सोपं, असं सांगतात. त्यात जठराचा बराचसा भाग कापून काढतात, तो परत येत नाही. फिनलंडमध्ये दहा वर्षांनी दुर्बिणीने तपासलं तेव्हा स्लीव्हवाल्यांपैकी शंभरात ३१ जणांच्या अन्ननलिकेला ॲसिडने सूज होती, बायपासवाल्यांत ७. जिला आधीच जळजळ आहे तिने हे विचारायलाच हवं.

टेबलावर मरण्याची भीती आज खरंच थोडी आहे, चांगल्या हातात हे ऑपरेशन पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपासच्या जोखमीचं मानतात. आपण घाबरतो ते चुकीच्या दिवसाला.

विमा कंपनीने आमचे ऑपरेशनचे पैसे दिले. गोळ्या, दरवर्षीच्या रक्ततपासण्या, पुण्याच्या खेपा सगळं खिशातून. मग लोक दुसऱ्या वर्षी गोळ्या सोडतात, आणि त्यांना आळशी म्हणायला आपण मोकळे. माझं म्हणणं इतकंच की पॅकेज विकताना किमान पाच वर्षांच्या तपासण्या त्यातच धरा. पेशंटला मराठीत एक कार्ड द्या, गावच्या डॉक्टरला एक पत्र द्या. स्वीडनमध्ये २००७ पासून अशा ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही आहे. आपल्या आरोग्य खात्यानेही प्रत्येक ऑपरेशनची आणि पाच वर्षांनंतरच्या तब्येतीची नोंद सक्तीची करावी. आणि हे फक्त ऑपरेशनपुरतं नाही. २०२५ पासून मौंजारो, वेगोवीची इंजेक्शनं आलीत, उद्या नाक्यावर त्यांचा फ्लेक्स लागेल. प्रश्न तेच राहतील.

ताईला विचारलं, परत करशील का? म्हणाली, "करीन की. रात्री झोप लागते मला आता." जवळ तिचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं कार्ड असतं, पाकिटात, आधार कार्डाच्या मागे: बायपास झालंय, ग्लुकोजआधी बी१ द्या.

त्या दोन मित्रांपैकी एकाला साखर आहे, वजन १२० च्या वर आहे. तो गुरुवारी पुण्याला दाखवायला जातोय. प्रश्नांची चिठ्ठी ताईनेच लिहून दिलीय. पहिला प्रश्न आहे, "तीन वर्षांनी रात्री दोन वाजता पोटात दुखलं, तर फोन कुणाला करायचा?"